कामाचा फोन: कोणता घ्यायचा आणि जुना कधी सोडायचा

व्हिडिओ कॉल सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली होती. बॅटरी ३१ टक्के दिसत होती. मी मोजमापांचा तक्ता उघडला आणि फोन बंद पडला. चार्जर लावून पुन्हा सुरू केला तर बॅटरी ४ टक्के! समोरची मंडळी वाट पाहून निघून गेली होती. त्याच रात्री मी नवे फोन बघायला बसले. तीन मॉडेलांची तुलना केली, एक जवळपास ठरवलंही. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून दुरुस्तीच्या दुकानात फोन दाखवला. त्यांनी बॅटरी बदलून दिली आणि तोच फोन पुढे २२ महिने विनातक्रार चालला.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते आणि कुणी विचारलं तर तोच सांगते: काम नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधायचं, फोनची नावं त्यानंतर. नवा घ्यायचा का आणि कोणता, ही दोन्ही उत्तरं या एकाच शोधातून मिळतात.

पायरी १: सात दिवसांची नोंद

खिशातली छोटी वही किंवा एखादा कागद घ्या. आठवडाभर फोनमुळे काम अडलं की तिथल्या तिथे एक ओळ लिहायची: वेळ, काय करत होतो, काय झालं. माझ्या एका जुन्या नोंदीतल्या काही ओळी अशा होत्या:

सोमवार ११:१०, उन्हात उभी, आराखडा दिसेना, सावलीत जावं लागलं.
मंगळवार ३:००, फोटो काढताना जागा संपल्याची सूचना.
बुधवार १२:३०, तळघरात फोन लागेना, सोबतच्याचा लागला.
बुधवार ५:४०, चार्जिंग १२ टक्के, अजून दोन तासांचं काम बाकी.

नोंद आठवणीतून करू नका. आठवडा संपल्यावर आपल्याला फक्त सगळ्यात जास्त चिडवणारी गोष्ट आठवते, आणि ती सगळ्यात जास्त नुकसान करणारी असेलच असं नाही. याच आठवड्यात सेटिंग्जमधला बॅटरीचा भागही रोज संध्याकाळी एकदा बघा. कोणत्या ॲपने किती चार्जिंग खाल्लं, ते तिथे दिसतं.

सात दिवसांत जी अडचण एकदाही आली नाही, तिच्यावरच्या उपायासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. फक्त सुरक्षा अपडेट या नियमात बसत नाहीत, कारण ते नसल्याचं नुकसान होईपर्यंत कळत नाही.

पायरी २: दोष खरंच फोनचा आहे का?

ही पायरी लोक हमखास गाळतात. म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ देऊ.

फोन हँग होतोय. आधी स्टोरेज बघा. ते ९० टक्क्यांच्या वर भरलं असेल तर फोन मंदावणारच, कारण नवं काही लिहायला त्याला मोकळी जागा सापडत नाही. चॅटिंग ॲपमधले जुने व्हिडिओ आणि एकच फाइल पाच ग्रुपवर आल्यामुळे साठलेल्या तिच्या पाच प्रती आधी काढा. किमान १५ टक्के जागा मोकळी करा, फोन बंद करून सुरू करा आणि दोन दिवस वापरून पाहा.

जागा मोकळी असूनही फोन मंद असेल, तर संशय बॅटरीवर घ्या. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध, म्हणजे वीज बाहेर पडायला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा, कॉल आणि नेट एकदम सुरू झाले की तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) अचानक खाली येतो. त्यामुळेच ३१ टक्के दिसत असतानाही फोन बंद पडू शकतो. असा बंद पडू नये म्हणून काही फोनमध्ये सॉफ्टवेअरच वेग कमी करतं. बॅटरी थकलेल्या काही आयफोनमध्ये आपण असं करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं, आणि २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दाखवायला सुरुवात केली. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर आधी बॅटरी बदला, नव्या फोनचा विचार नंतर. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही असा आकडा मिळतो, किंवा सर्व्हिस सेंटरवाले तपासून सांगतात.

चार्जिंग नीट होत नाही, केबल हलली की तुटतं. टॉर्च लावून पोर्टच्या आत बघा. खिशातल्या कापडाचे तंतू आत दाबून दाबून घट्ट बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ते हळूच काढा. धातूची सुई किंवा पिन वापरू नका. नुसत्या या तंतूंपायी फोन बदलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

रेंज नाही. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून त्याच जागी उभं राहून पाहा. तिथेही लागत नसेल तर दोष नेटवर्कचा आहे. वायफाय कॉलिंग (मोबाइल रेंजऐवजी वायफायवरून फोन) सुरू करून किंवा दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन काम भागेल. दुसऱ्या फोनमध्ये लागत असेल तर मात्र दोष तुमच्या फोनचा.

एकच ॲप अडत असेल तर त्या ॲपची आवृत्ती आणि ते किमान कोणती अँड्रॉइड किंवा आयओएस मागतं, ते बघा. फोनला ती आवृत्ती मिळणारच नसेल तर तो कामापुरता संपला. तिथे दुरुस्ती उपयोगाची नाही.

आणि एक गोष्ट तातडीची. फोनचं मागचं झाकण वर आलं असेल, स्क्रीन कडेने उचलली गेली असेल किंवा टेबलावर ठेवल्यावर फोन डुलत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.

पायरी ३: अपडेटची शेवटची तारीख काढा

कामाच्या फोनमध्ये बँकेची ॲप्स, ऑफिसचं मेल, ग्राहकांची माहिती आणि ओटीपी येणारं सिम असतं. सुरक्षा अपडेट बंद झालेला फोन वरवर उत्तम चालतो, पण त्यातली नव्याने सापडणारी भोकं कुणी बुजवत नाही. त्यामुळे फोनचं खरं आयुष्य मी अपडेटच्या शेवटच्या तारखेवरून मोजते.

या बाबतीत अलीकडच्या काळात मोठा फरक पडला. गूगलने ऑक्टोबर २०२३ मधल्या पिक्सेल ८ पासून ७ वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी तेच केलं. सगळ्या कंपन्या आणि सगळी मॉडेलं अशी नाहीत. एकाच कंपनीच्या महाग फोनला ७ वर्षं आणि स्वस्त फोनला त्याच्या निम्मीही नाहीत, असं होतं. म्हणून कंपनीचं नाव बघून भरवसा ठेवू नका, त्या मॉडेलचा कालावधी कंपनीच्या वेबसाइटवर वाचा.

इथे एक खाच आहे. ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ७ वर्षांचा फोन जानेवारी २०२७ मध्ये घेतला, तर तुमच्या वाट्याला ४ वर्षं येतात. दुकानात किंमत उतरलेली दिसते, तेव्हा वर्षंही उतरलेली असतात. हिशेब सोपा आहे: किंमत भागिले उरलेले महिने. दोन मॉडेलांमध्ये अडकलात की हा एक आकडा काढा. स्वस्त वाटलेला फोन कितीदा तरी महाग निघतो.

हातातल्या फोनला शेवटचा सुरक्षा अपडेट कधी आला, ते अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइड आवृत्तीच्या माहितीत दिसतं. तारीख सहा महिन्यांहून जुनी असेल आणि नवा अपडेट शोधूनही सापडत नसेल, तर कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल अजून आहे का ते बघा.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० चार्जिंग चक्रांनंतरही (एक चक्र म्हणजे बॅटरीचा एकूण १०० टक्के वापर) किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, असा नियम लागू झाला. तिथल्या लेबलवर बॅटरीची चक्रं, पडल्यावर टिकण्याची क्षमता आणि दुरुस्तीची सोय यांची श्रेणी छापलेली असते. तुम्ही कुठेही राहत असलात तरी मॉडेल क्रमांक अगदी तोच असेल, तर ते लेबल ऑनलाइन शोधून वाचा. जाहिरातीपेक्षा ते खूप कामाचं आहे.

पायरी ४: नोंदीतल्या अडचणींप्रमाणे गुण बघा

आता वही उघडा. सगळ्यात जास्त वेळा आलेल्या तीन अडचणींना खूण करा. नवा फोन या तिन्हींत चांगला हवा, बाकीच्यांत ठीकठाक चालेल.

उन्हात दिसत नाही: जाहिरातीतला ‘निट्स’चा, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचा, मोठा आकडा बहुतेकदा स्क्रीनच्या छोट्याशा भागावर, थोडा वेळच मिळणारा असतो. तुम्ही बघणार पूर्ण पांढऱ्या पानावरचा तक्ता. शिवाय फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो. म्हणून दुकानाबाहेर उन्हात जाऊन पांढरं पान पाच मिनिटं उघडं ठेवून बघू देतील का, ते विचारा. तिथे कळतं तेवढं आकड्यांतून कळत नाही.

चार्जिंग पुरत नाही: एमएएचचा, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा, आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच बॅटरीवर एक फोन दिवस काढतो आणि दुसरा दुपारीच मान टाकतो, कारण प्रोसेसर, स्क्रीन आणि रेंज पकडायला लागणारी ताकद वेगवेगळी असते. चक्रांचा आकडा मिळाला तर तो बघा. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरले तर दोन दिवसांत एक चक्र झालं. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांसाठी ॲपल ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता सांगतं, आयफोन १५ पासून १,०००. रोज एक चक्र वापरणाऱ्यासाठी हा फरक सव्वा वर्षाहून अधिकचा झाला.

रॅम आणि स्टोरेज: कामासाठी ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज ही मी धरलेली किमान मर्यादा आहे. पाच वर्षं वापरायचा फोन आज जेमतेम पुरेल इतक्या रॅमवर घेऊ नये. ‘८ अधिक ८ जीबी’ असं लिहिलेलं असेल तर त्यातली दुसरी ८ खरी रॅम नसते. स्टोरेजचाच एक भाग रॅमसारखा वापरतात आणि तो बराच मंद असतो. स्टोरेजचा प्रकारही विचारा: यूएफएस (वेगवान प्रकार) असेल तर उत्तम, ईएमएमसी (जुना, मंद प्रकार) असेल तर कामासाठी टाळा.

कॅमेरा: कामात आपण कागद, पावत्या, नंबरप्लेट, भिंतीवरच्या भेगा टिपतो. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा चार पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, त्यामुळे त्या आकड्यावर भाळू नका. उलट मोठ्या सेन्सरच्या महाग फोनमध्ये एक त्रास असतो: कागद अगदी जवळून टिपला की मधली अक्षरं स्पष्ट आणि कडेची पुसट. यावर उपाय म्हणजे वीतभर मागे सरकून २एक्स झूम लावायचा. दुकानात खिशातली बारीक छापाची पावती काढून असा फोटो घ्या, कोपऱ्यातला आकडा वाचता येतो का ते मोठा करून बघा.

बोटाचा ठसा: हाताने जड काम करणाऱ्यांची, सिमेंट, माती, रसायनं हाताळणाऱ्यांची बोटं घासलेली असतात. स्क्रीनखालचा सेन्सर त्यांना पुन्हा पुन्हा नाकारतो. बाजूच्या बटणातला सेन्सर अशा वेळी बरा चालतो. तेच बोट दोनदा नोंदवलं तरी बराच फरक पडतो.

दोन सिम: घरचं आणि कामाचं सिम एकाच फोनमध्ये असेल तर एका सिमवर बोलत असताना दुसऱ्यावर फोन लागेलच याची खात्री नसते. आपली दोन्ही सिम घालून हे प्रत्यक्ष करून बघा. दुसऱ्या प्रदेशासाठी बनवलेलं मॉडेल घेत असाल तर तुमच्या नेटवर्कचे बँड (ते वापरत असलेल्या रेडिओ लहरींचे पट्टे) त्यात आहेत का, ते आधी तपासा.

पोर्ट: यूएसबी-सीचा आकार सारखा असला तरी आतला वेग सारखा नसतो. २०२३ च्या आयफोन १५ मध्ये सेकंदाला ४८० मेगाबिट आणि त्याच वर्षीच्या १५ प्रोमध्ये १० गिगाबिटपर्यंत. मोठे व्हिडिओ केबलने उतरवणाऱ्याने किंवा फोन मॉनिटरला जोडणाऱ्याने हे विचारलंच पाहिजे. बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

पाण्याबाबत थोडक्यात: आयपी ही धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी; आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ ची खोली आणि वेळ कंपनी स्वतः सांगते. दोन्ही चाचण्या नव्या फोनवर, साध्या पाण्यात होतात. सील कालांतराने सैल पडतात, आणि फोन एकदा उघडून दुरुस्त केला तर ती खात्री धरू नये.

पायरी ५: जुना वापरलेला फोन घ्यायचा असेल तर

दोन वर्षं जुना वरच्या दर्जाचा फोन कित्येकदा नव्या स्वस्त फोनपेक्षा कामाला चांगला. फक्त पायरी ३ चा हिशेब करा आणि नव्या बॅटरीचा खर्च किमतीत आधीच धरा. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकणाऱ्याने आपलं खातं तुमच्यासमोर काढून फोन रीसेट केला पाहिजे, आणि तुम्ही तो तिथेच पहिल्या स्क्रीनपासून सुरू करून बघितला पाहिजे. नुसता रीसेट केलेला फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागून अडून बसतो, आणि मग पैसेही गेले, फोनही गेला.

पायरी ६: दुरुस्ती की नवा?

इथे भावनेला बाजूला ठेवायला एक गणित उपयोगी पडतं. नव्या फोनची किंमत १०० धरा. तो ५ वर्षं, म्हणजे ६० महिने वापरणार असाल, तर महिन्याचा खर्च साधारण १.७. आता हातातल्या फोनची बॅटरी बदलायला १० लागणार आहेत आणि त्याचे अपडेट अजून २० महिने येणार आहेत. महिन्याचा खर्च ०.५. दुरुस्त करा. त्याच फोनची स्क्रीन फुटली, बदलायला ३५ लागणार आणि अपडेट ८ महिनेच उरलेत: महिन्याला ४.४. नवा घ्या. किमती तुमच्या बाजारातल्या घाला, पद्धत हीच.

गणिताशिवाय ज्यात नवा घ्यायलाच हवा अशा तीनच गोष्टी मी मानते: सुरक्षा अपडेट संपले, कामाचं अत्यावश्यक ॲप चालेना, किंवा सुटा भाग मिळेना. नवं मॉडेल आलं, कराराची दोन वर्षं झाली, सहकाऱ्याने नवा घेतला, ही कारणं त्यात येत नाहीत.

अपडेट संपायच्या सहा महिने आधी पुढचा फोन ठरवून ठेवा. विकत घेऊ नका, फक्त नाव आणि किंमत लिहून ठेवा. फोन अचानक पडून बंद झाला की माणूस घाईत समोर दिसेल तो उचलतो, आणि मग त्या घाईसोबत पुढची चार वर्षं काढतो.

पायरी ७: बदलण्याचा दिवस

आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरुवात करा, कामाच्या सकाळी मुळीच नको. संपर्क, फोटो, चॅट हे सगळं हल्ली नवा फोन स्वतःच ओढून घेतो. अडतं ते भलतीकडेच. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप आधी हलवा. कोड नव्या फोनवर दिसतायत आणि त्यांनी लॉगिन होतंय, हे बघितल्याशिवाय जुन्यावरून काढू नका. ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच भरलेलं सिम) असेल तर ते नव्यावर चालू होईपर्यंत जुना फोन पुसू नका. बँकेची ॲप्स पुन्हा नोंदणी मागतात, त्यासाठी सिम नव्या फोनमध्ये आणि रेंज चांगली हवी. ऑफिसचं मेल नव्या फोनवर उघडायला परवानगी लागत असेल तर ती दोन दिवस आधी मागून ठेवा, सुट्टीच्या दिवशी ती द्यायला कुणी नसतं.

जुना फोन १५ दिवस तसाच राहू द्या. राहिलेलं काहीतरी आठवतंच: रेकॉर्डिंग ॲपमधला आवाज, एखादी नोट, डाउनलोडमधली पीडीएफ. त्यानंतर तो विकणार असाल तर आधी सेटिंग्जमधून खातं काढा, मग रीसेट करा, याच क्रमाने. अडीअडचणीला म्हणून ठेवणार असाल तर अर्धा चार्ज करून पूर्ण बंद करा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा अर्धा चार्ज करायचा. पूर्ण रिकामा ठेवलेला फोन गरजेच्या दिवशी सुरूच होत नाही.